आदेशाचा कागद दाखवा! आणीबाणी, एनएसए, नेटबंदी: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आम्ही म्हटलं होतं की सरकारच्या विशेष अधिकारांबद्दल, म्हणजे आणीबाणी, जमावबंदी, स्थानबद्धता वगैरे, काही शंका असतील तर पाठवा. एवढ्या आल्या की अर्ध्या पुढच्या वेळी घ्याव्या लागतील. बऱ्याच जणांचा प्रश्न खरंतर एकच आहे, की व्हॉट्सॲपवर आलेलं खरं किती आणि खोटं किती. नावं छापत नाही, गावं छापतेय. आणि हो, ही सगळी सर्वसाधारण माहिती आहे, घरातल्या कोणावर खरोखर ऑर्डर निघाली असेल तर मासिक वाचत बसू नका, वकील गाठा.

प्रश्न: ताई, मे २०२५ मधे सायरन वाजवून ब्लॅकआउटची मॉक ड्रिल झाली तेव्हा आमच्या ग्रुपवर मेसेज फिरत होता की आणीबाणी लागली, पैसे काढून ठेवा. खरंच लागली होती का? युद्ध सुरू झालं की ती आपोआप लागते ना? (इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, नाशिक)

नव्हती लागली, आणि आपोआप कधीच लागत नाही. राज्यघटनेच्या कलम ३५२ खाली राष्ट्रपतींनी सहीनिशी उद्घोषणा काढावी लागते, ती निघाली तरच आणीबाणी. १९९९ला कारगिलमधे एवढं युद्ध झालं तरी काढली नाही आणि २०२५लाही नाही. ७ मेचा जो सराव झाला तो नागरी संरक्षण कायदा १९६८ खालचा, देशातल्या २४४ जिल्ह्यांत, आपल्याकडे मुंबई, उरण, तारापूर ही नावं यादीत वर होती कारण बंदर, तेल, अणुवीज सगळं तिथेच. त्यानंतर दोन दिवसांनी केंद्राने राज्यांना पत्र लिहून सांगितलं की नागरी संरक्षणाच्या नियमांतला ११वा नियम वापरा, म्हणजे तातडीची खरेदी नेहमीच्या टेंडरच्या भानगडीशिवाय करता येईल. बस्स एवढंच. तुमच्या बँक खात्याचा याच्याशी काडीचा संबंध नाही.

आजवर ही राष्ट्रीय आणीबाणी तीनदा लागली. २६ ऑक्टोबर १९६२ला चीनच्या वेळी, ३ डिसेंबर १९७१ला पाकिस्तानच्या वेळी, आणि २५ जून १९७५ची जी सगळ्यांना माहितीये ती. यात एक गंमत आहे जी फारशी सांगितली जात नाही. चीनशी लढाई महिनाभरात थांबली, पण तिच्या नावाने लावलेली आणीबाणी उठली जानेवारी १९६८ मधे! मधलं १९६५चं पाकिस्तान युद्ध जुन्याच आणीबाणीत उरकलं, नवी लावायची गरजच पडली नाही. तसंच १९७१ची पण मार्च १९७७ पर्यंत चालूच होती, त्यामुळे जून १९७५ला देशात आधीच एक आणीबाणी होती आणि तिच्यावर दुसरी चढवली. लावणं एका रात्रीचं काम असतं, उठवायला मात्र कोणाला घाई नसते, हे पुढच्या सगळ्या उत्तरांमधे लक्षात असू द्या.

प्रश्न: वकीलबाई, माझा मुलगा म्हणतो १९७५ सारखं आता होणं शक्यच नाही, कायदा बदललाय. मी म्हणतो सत्ता सत्ताच असते, ती काहीही करते. आमच्या घरात रोज जेवताना हाच वाद. कोण बरोबर? (निवृत्त शिक्षक, सातारा)

गुरुजी, तुम्ही दोघंही अर्धे अर्धे.

१२ जून १९७५ला अलाहाबाद हायकोर्टाचे न्या. जगमोहनलाल सिन्हा यांनी इंदिरा गांधींची निवडणूक रद्द केली, आणि २५ जूनच्या रात्री राष्ट्रपती फखरुद्दीन अली अहमद यांनी उद्घोषणेवर सही केली. मंत्रिमंडळाला कधी कळलं? दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या बैठकीत. तेव्हा बऱ्याच पुढाऱ्यांना उचलून झालं होतं. मग मंत्रिमंडळाला न विचारता हे झालं कसं, तर सरकारी कामकाज नियमावलीत नियम १२ म्हणून एक आहे, पंतप्रधानांना वाटलं तर ते नियमावलीला बाजूला ठेवू शकतात, मंत्रिमंडळाची मंजुरी नंतर. इंदिराजींनी राष्ट्रपतींना जे पत्र पाठवलं त्यात याच नियमाचा उल्लेख होता. कारण काय दिलं तर ‘अंतर्गत अशांतता’. आता अशांतता म्हणजे काय हो, मोर्चा पण अशांतता आणि संप पण अशांतता.

जनता सरकारने १९७८ला ४४वी घटनादुरुस्ती करून नेमकी हीच भोकं बुजवली. ‘अंतर्गत अशांतता’ काढून ‘सशस्त्र उठाव’ घातलं. मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवल्याशिवाय राष्ट्रपतींनी सही करायची नाही, म्हणजे इथे नियम १२ चालणार नाही. संसदेची मंजुरी आधी दोन महिन्यांत लागायची ती आता एका महिन्यात, आणि साधं बहुमत नाही, सभागृहाच्या एकूण संख्येचं बहुमत शिवाय हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश. पूर्वी एकदा मंजूर झाली की कितीही वर्षं, आता दर सहा महिन्यांनी परत मंजुरी. लोकसभेच्या एक दशांश खासदारांनी लेखी नोटीस दिली तर १४ दिवसांत खास बैठक बोलवायची आणि उठवायला मात्र साधं बहुमत पुरे. कलम २० आणि २१, म्हणजे जुन्या तारखेने गुन्हा लावता न येणं आणि जगण्याचा व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क, हे आणीबाणीतही गोठवता येत नाहीत. आणि भाषणस्वातंत्र्य वगैरे कलम १९ आपोआप बाजूला पडतं ते फक्त युद्ध किंवा बाहेरच्या आक्रमणाच्या वेळी, सशस्त्र उठावाच्या वेळी नाही.

तेव्हा मुलाचं बरोबर की जशीच्या तशी १९७५ आता करता येणार नाही. पण ‘शक्यच नाही’ म्हणायला मी तयार नाही, कारण ‘सशस्त्र उठाव’ म्हणजे नेमकं काय हे घटनेत कुठे लिहिलेलं नाही, आणि दोन तृतीयांश खासदार असलेलं सरकार या देशाला अनोळखी नाही. कोर्टाचा दरवाजा मात्र उघडा आहे. १९७५ मधेच ३८वी दुरुस्ती करून कोर्टाने यात बघायचंच नाही असं केलं होतं, ते कुलूप पण ४४व्या दुरुस्तीने काढलं.

आणि माझं स्वतःचं मत विचाराल तर आता कलम ३५२ची गरज कोणाला आहे? जमाव बंद करायचा, नेट बंद करायचं, माणूस वर्षभर आत ठेवायचा, यातलं एकही काम करायला आज राष्ट्रपतींची सही लागत नाही. पुढचे प्रश्न सगळे त्याचेच आहेत.

प्रश्न: माझे आजोबा आणीबाणीत मिसाखाली येरवड्याला होते. वकील असूनही ते कोर्टात गेले नाहीत असं आजी सांगते. का नसतील गेले? (पुणे)

गेले असते तरी फार काही झालं नसतं हे त्यांना वकील म्हणूनच कळलं असेल. मिसा म्हणजे अंतर्गत सुरक्षा कायदा, १९७१चा. आणीबाणी लागल्यावर लगेच वटहुकूम काढून त्यात १६-अ हे कलम घातलं, की आणीबाणीसाठी गरज आहे असं जाहीर केलं की पकडलेल्या माणसाला कारण सांगायचीच गरज नाही. कारणच माहीत नाही तर कोर्टात खोडून काय काढणार? तरीही लोक गेले, आणि सांगायला अभिमान वाटतो की नऊ हायकोर्टांनी सांगितलं की आणीबाणी असली तरी अटक कायद्याला धरून आहे का एवढं आम्ही बघणार. सरकार सुप्रीम कोर्टात गेलं आणि २८ एप्रिल १९७६ला एडीएम जबलपूर खटल्यात चार विरुद्ध एक असा निकाल लागला की आणीबाणीत हेबियस कॉर्पस, म्हणजे पकडलेल्या माणसाला कोर्टापुढे आणा असा अर्ज, करायचा हक्कच नाही. एकटे न्या. एच. आर. खन्ना विरोधात. पुढच्या जानेवारीत सरन्यायाधीश व्हायची त्यांची पाळी होती, त्यांना डावलून बेग यांना केलं, खन्नांनी राजीनामा दिला. चौघांमधे आपले पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड पण होते, आणि ऑगस्ट २०१७ मधे प्रायव्हसीच्या निकालात तो निकाल चूक होता असं लिहून तो रद्द करणारे न्यायमूर्ती कोण, तर त्यांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड. ४१ वर्षं लागली.

किती लोक होते हे पण बऱ्याच जणांनी विचारलंय. आणीबाणीतल्या अतिरेकाची नंतर चौकशी करणाऱ्या शाह आयोगाचा आकडा आहे, मिसाखाली ३४,९८८ आणि डीआयआर म्हणजे भारत संरक्षण नियमांखाली ७५,८१८. त्यात पुढारीच होते असं नाही, शिक्षक, कामगार, कॉलेजची पोरं सगळे होते. कराडच्या १९७५च्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षा दुर्गाबाई भागवतांना पण नंतर आत टाकलं. मुंबई हायकोर्ट मात्र सेन्सॉरच्या बाबतीत ताठ राहिलं, मिनू मसानींच्या ‘फ्रीडम फर्स्ट’चे लेख सेन्सॉरने अडवले होते तेव्हा १९७६ मधे कोर्टाने सांगितलं की सरकारवर टीका करणं म्हणजे देशाला धोका नव्हे आणि सगळ्यांना एकाच सुरात बोलायला लावणं हे सेन्सॉरचं काम नव्हे. त्या काळात हे लिहायला छाती लागते.

आजोबांचा मानधनाचा हक्क बघितला का? राज्याने २०१८ला हे मानधन सुरू केलं, २०२०ला बंद केलं, २०२२ला परत सुरू केलं, सरकार बदललं की बदलतं. आजी हयात असतील तर कलेक्टर ऑफिसला जाऊन विचारा, तुरुंगाचा दाखला आधी शोधून ठेवा, बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं.

प्रश्न: आमच्या शहरात एनएसए लागू झाला असा मेसेज आलाय, सगळे घाबरलेत. दुसरं म्हणजे आमच्या गल्लीतल्या एका मुलाला पोलिसांनी एमपीडीए लावू अशी तंबी दिली. हे दोन्ही एकच का? आणि तडीपार वेगळं का? (मेडिकल दुकानदार, अमरावती)

पहिलं आधी. एनएसए, म्हणजे राष्ट्रीय सुरक्षा कायदा १९८०, तुमच्या शहरात कालही लागू होता आणि परवाही, तो देशाचा कायदा आहे, तो ‘लागत’ नाही. होतं काय की स्थानबद्धतेची ऑर्डर काढायचा अधिकार मुळात केंद्र आणि राज्य सरकारचा, राज्य सरकार तो अधिकार कलेक्टर किंवा पोलीस कमिशनरना देऊ शकतं पण एका वेळी तीनच महिन्यांसाठी. म्हणून दर तीन महिन्यांनी नोटिफिकेशन निघतं, नेहमीचं असतं, आणि कोणीतरी त्याचा फोटो टाकतं की अमुक शहरात एनएसए लागू. घाबरू नका.

आता फरक. साधी अटक होते ती झालेल्या गुन्ह्यासाठी, २४ तासांत कोर्टापुढे न्यावं लागतं, जामीन मागता येतो. स्थानबद्धता ही माणूस पुढे काहीतरी करेल म्हणून, आणि जामीन हा प्रकारच नाही. कारणं साधारण पाच दिवसांत लेखी द्यायची, कलेक्टरच्या ऑर्डरला राज्य सरकारने १२ दिवसांत मंजुरी द्यायची नाहीतर ती गळून पडते, तीन आठवड्यांत प्रकरण सल्लागार मंडळाकडे, मंडळाने पकडल्यापासून सात आठवड्यांत रिपोर्ट द्यायचा. मंडळाने पुरेसं कारण नाही म्हटलं तर सोडावंच लागतं, आहे म्हटलं तर जास्तीत जास्त १२ महिने. आणि त्या मंडळापुढे वकील न्यायचा हक्क नाही, हे घटनेच्या कलम २२ मधेच आहे. चोरीच्या केसमधे वकील मिळतो आणि बिनखटल्याचं वर्षभर आत ठेवताना नाही! मला हे कधीच पटलेलं नाही, पण कायदा हा असा आहे.

एमपीडीए हा आपल्या राज्याचा स्थानबद्धतेचा कायदा, १९८१चा. झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले, ड्रग्जवाले, धोकादायक व्यक्ती, मागाहून वाळू तस्कर वगैरे त्यात घातले. पद्धत बरीचशी एनएसएसारखीच आणि मुदत पण १२ महिन्यांपर्यंत. तडीपारी मात्र वेगळी, ती महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ५५ ते ५७ खाली, माणूस मोकळाच असतो फक्त हद्दीच्या बाहेर, दोन वर्षांपर्यंत, आणि त्याला आधी नोटीस देऊन म्हणणं ऐकावं लागतं.

गल्लीत दोन भांडणं केली म्हणून एमपीडीए लागतो का? नाही लागायला पाहिजे. १९६५ला राम मनोहर लोहियांना स्थानबद्ध केलं होतं, त्या ऑर्डरमधे ‘सार्वजनिक सुरक्षितता आणि कायदा व सुव्यवस्था’ असं लिहिलं होतं. सुप्रीम कोर्टाने त्याच वर्षी ऑर्डर रद्द केली. न्या. हिदायतुल्लांनी तीन वर्तुळं कल्पा म्हटलं, सगळ्यात मोठं कायदा व सुव्यवस्थेचं, त्याच्या आत सार्वजनिक सुव्यवस्थेचं, त्याच्याही आत राज्याच्या सुरक्षेचं. दोन माणसांची मारामारी पहिल्या वर्तुळात, तिला नेहमीचे गुन्ह्याचे कायदे आहेत. स्थानबद्धता हवी तर आतल्या वर्तुळात शिरावं लागतं, सगळ्या वस्तीचं जगणं विस्कळीत व्हायला हवं. आजही हायकोर्टात एमपीडीएच्या ऑर्डरी पडतात त्या बऱ्याचदा याच मुद्द्यावर, नाहीतर उशिरावर, की शेवटचा गुन्हा जानेवारीतला आणि ऑर्डर ऑगस्टमधे, मग एवढे महिने हा धोकादायक नव्हता का?

त्या मुलाच्या घरच्यांना सांगा, ऑर्डर निघालीच तर तीन गोष्टी. ऑर्डर आणि कारणांची पूर्ण प्रत घ्या, जोडलेल्या प्रत्येक कागदासकट. ती त्याला समजणाऱ्या भाषेत पाहिजे, महाराष्ट्रातल्याच एका केसमधे हिंदी जाणणाऱ्या माणसाला इंग्रजीत कारणं दिली आणि तोंडी समजावून सांगितली म्हणून सुप्रीम कोर्टाने १९६२ मधे त्याला सोडलं होतं. आणि लगेच निवेदन द्या, ते सरकारने विनाकारण दाबून ठेवलं तर तोच मुद्दा होतो.

एक जाता जाता. ४४व्या दुरुस्तीत असंही होतं की सल्लागार मंडळाशिवाय तीन महिने ठेवता येतं ते दोन महिने करायचं, आणि मंडळाचा अध्यक्ष चालू न्यायाधीश, ते पण हायकोर्टाच्या मुख्य न्यायाधीशांनी सुचवलेला. संसदेने पास केलं, राष्ट्रपतींची सही झाली, फक्त अंमलात यायची तारीख सरकारने ठरवायची होती. ती तारीख कुठल्याही सरकारने दिली नाही, ज्यांनी दुरुस्ती केली त्यांनीही नाही आणि ज्यांचे नेते मिसाखाली आत होते त्यांनीही नाही. १९८१ला ए. के. रॉय केसमधे सुप्रीम कोर्टाला सांगून बघितलं, कोर्ट म्हणालं आम्ही सरकारला तारीख टाकायला लावू शकत नाही.

प्रश्न: आंदोलन सुरू झालं की आमच्याकडे नेट बंद होतं. मी ऑनलाइन कामं करतो, फॉर्म भरणं, सातबारा काढणं, दोन दोन दिवस दुकान बंद. कलेक्टरला एवढा अधिकार असतो का? भरपाई मिळते का? (जालना)

कलेक्टरला नसतो. आधी २०१७चे नियम होते, आता २०२३च्या दूरसंचार कायद्याखालचे नोव्हेंबर २०२४चे नियम आहेत, दोन्हीकडे अधिकार गृहसचिवांचा, केंद्राच्या नाहीतर राज्याच्या. अगदीच नाइलाज असेल तर सहसचिव दर्जाचा अधिकृत अधिकारी काढू शकतो, पण २४ तासांत वरून मंजुरी आली नाही तर ऑर्डर संपली. एका ऑर्डरची मुदत १५ दिवसांच्या वर नाही. पाच दिवसांत आढावा समितीने बघायचं. आणि कारणासकट लेखी ऑर्डर प्रसिद्ध करायची, हे अनुराधा भसीन केसमधे १० जानेवारी २०२०ला सुप्रीम कोर्टाने सांगितलंय, काश्मीरच्या बंदीवर होती ती केस, बेमुदत नेटबंदी चालणार नाही असंही त्यातच.

तर नेट गेलं की पहिलं काम, गृह विभागाची ऑर्डर शोधा, तारीख, तालुके, किती वाजेपर्यंत. सापडत नसेल तर माहिती अधिकारात मागा, आणि नेटबंदी संपली तरी मागा कारण पुढच्या वेळी कामाला येते. भरपाईचं मात्र या नियमांत काहीही नाही. तुमचे दोन दिवस गेले ते गेले.

प्रश्न: मुंबईत १४४ लागू अशी बातमी आली की आमच्या सोसायटीतले लोक विचारतात सत्यनारायण करायचा का नाही. मी सेक्रेटरी, काय सांगू? (कांदिवली)

करा म्हणावं, प्रसादाला मलाही बोलवा. १४४ आता राहिलंच नाही, १ जुलै २०२४पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३ झालं. त्याची ऑर्डर दोन महिने, फार तर राज्य सरकार अजून सहा महिने वाढवू शकतं. पण मुंबईत जे वरचेवर ‘लागू’ होतं ते बहुतेक वेळा महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम ३७, पाच किंवा जास्त लोकांच्या जमावाला बंदी, पंधरा दिवसांची, संपली की परत नवी. कमिशनर ऑफिसचं नेहमीचं काम आहे ते. त्याच ऑर्डरच्या खाली साधारणपणे सूट लिहिलेली असते, लग्न, अंत्ययात्रा, सोसायट्या-कंपन्यांच्या बैठका, थिएटर वगैरे. बातमीवाले वरचा भाग देतात खालचा देत नाहीत, म्हणून ऑर्डर शेवटपर्यंत वाचायची. संचारबंदी म्हणजे घराबाहेरच पडायचं नाही, ती वेगळी, ती असेल तर पूजा पुढे ढकला.

प्रश्न: कोविडचा लॉकडाऊन ही आणीबाणीच नव्हती का मग? आमचे तास वाढवले, सुट्ट्या गेल्या. (कंपनी कामगार, चाकण)

अनुभव तसा होता हो, पण घटनेतली आणीबाणी लावली नव्हती. मार्च २०२०चा लॉकडाऊन आला आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ खाली, सोबतीला साथरोग कायदा १८९७. तो दुसरा कायदा जन्मालाच आला आपल्या मुंबईच्या प्लेगमुळे, फेब्रुवारी १८९७ मधे, चार-पाच कलमांचा चिमुकला कायदा आणि अधिकार मात्र अमर्याद, वर अधिकाऱ्याने चांगल्या हेतूने काही केलं तर त्याच्यावर दावा नाही. पुण्यात रँडने प्लेगच्या नावाखाली घराघरात घुसून काय केलं आणि २२ जून १८९७च्या रात्री चाफेकर बंधूंनी काय केलं हे मराठी माणसाला सांगायला नको. तोच कायदा १२३ वर्षांनी तुमच्या माझ्यावर लागला.

तुमच्या तासांच्या मुद्द्यावर मात्र एक चांगला निकाल आहे. गुजरात सरकारने कारखान्यांना कामाचे तास आणि ओव्हरटाइमच्या दुप्पट पगारातून सूट दिली होती, आधार घेतला होता कारखाने कायद्यातल्या ‘सार्वजनिक आणीबाणी’च्या कलमाचा. सुप्रीम कोर्टाने १ ऑक्टोबर २०२०ला ते रद्द केलं. त्या कलमातली आणीबाणी म्हणजे युद्ध, परकी आक्रमण किंवा अंतर्गत अशांततेने देशाच्या सुरक्षेला धोका, साथ कितीही मोठी असली तरी ती त्यात बसत नाही, आणि साथीचा बोजा कामगाराच्या अंगावर टाकता येणार नाही, असं. ओव्हरटाइमचे पैसे पण द्यायला लावले. तुमच्या कंपनीने त्या काळात कुठला आदेश दाखवून तास वाढवले तो युनियनला शोधायला सांगा.

प्रश्न: नोटबंदी ही आर्थिक आणीबाणी होती का? (कोल्हापूर)

नाही. आर्थिक आणीबाणी कलम ३६० खाली, ती आजवर एकदाही लागलेली नाही. ८ नोव्हेंबर २०१६ची नोटबंदी रिझर्व्ह बँक कायद्याच्या कलम २६ खालची.

प्रश्न: राष्ट्रपती राजवट आणि आणीबाणी यात फरक काय? (ग्रामपंचायत सदस्य, रत्नागिरी)

तुमच्या हक्कांच्या दृष्टीने जमीन अस्मानाचा. कलम ३५६ खाली राज्याचं सरकार जातं आणि राज्यपालांमार्फत केंद्र कारभार बघतं, नागरिकांचे हक्क, हायकोर्ट जिथल्या तिथे. महाराष्ट्रात तीनदा लागली, १९८०ला, २०१४ला, आणि १२ नोव्हेंबर २०१९ला. तिसरी उठली कशी ते आठवतंय ना, २३ नोव्हेंबरच्या पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी, आणि थोड्या वेळाने राजभवनात शपथविधी. मंत्रिमंडळाची बैठक कधी झाली म्हणाल तर झालीच नाही, पंतप्रधानांनी नियम १२ वापरला. हो, तोच, जून १९७५ वाला. कलम ३५२ला तो आता चालत नाही पण ३५६ उठवायला चालतो. लावताना मात्र केंद्राला आता जपून राहावं लागतं, १९९४च्या बोम्मई निकालाने कोर्ट कारणं तपासू शकतं आणि बहुमत विधानसभेतच सिद्ध व्हायला हवं हे पक्कं केलं.

प्रश्न: मी रील्स बनवतो. आमच्याकडून रणगाडे आणि मिलिटरीचे ट्रक जातात, व्हिडिओला व्ह्यूज पण भारी येतात. टाकले तर प्रॉब्लेम आहे का? (अहिल्यानगर)

आहे, आणि इथे मी सरकारच्या बाजूने आहे. परेडचा, प्रदर्शनाचा, लोकांसाठी खुल्या कार्यक्रमाचा व्हिडिओ खुशाल टाका. पण लष्करी आवार, दारूगोळ्याची कोठारं, फायरिंग रेंज ही ऑफिशियल सीक्रेट्स ॲक्ट १९२३ खाली मनाई असलेली ठिकाणं ठरतात, आणि शत्रूला उपयोगी पडेल असं काही संरक्षणाच्या बाबतीत केलं तर शिक्षा १४ वर्षांपर्यंत जाते. तुमचा हेतू व्ह्यूजचा होता हे कोर्टात सिद्ध होईपर्यंत तुमची काही वर्षं गेलेली असतील. तणावाच्या काळात तर रस्त्यावरून जाणारा ताफा पण नको, कुठून कुठे किती गाड्या गेल्या हीच तर माहिती असते. २६/११ला चॅनलवाल्यांनी ताज, नरिमन हाउसचं लाइव्ह दाखवलं आणि पलीकडचे लोक टीव्ही बघून आतल्या अतिरेक्यांना फोनवर सांगत होते, सुप्रीम कोर्टाने २०१२च्या कसाबच्या निकालात चॅनलांना त्यावरून चांगलंच झापलंय. आता दहशतवादविरोधी कारवाई चालू असताना चॅनलांना लाइव्ह दाखवायला बंदी आहे, अधिकृत अधिकारी अधूनमधून सांगेल तेवढंच दाखवायचं.

आणि तुमचा व्हिडिओ किंवा अकाउंट ब्लॉक झालंच तर ते आयटी कायद्याच्या ६९-अ खाली होतं. तातडीत आधी ब्लॉक करून मग ४८ तासांत समितीपुढे ठेवायचं असा नियम आहे. ॲप तुम्हाला फक्त ‘कायदेशीर विनंतीवरून’ एवढंच दाखवतं, ऑर्डर दाखवत नाही, आणि या नियमांत गोपनीयतेचं कलम असल्यामुळे माहिती अधिकारातही ती बहुधा नाकारतात. मग हायकोर्टच. तेव्हा ट्रक जाऊ द्या, गडावरचे रील्स टाका.

(जनसुरक्षा विधेयकावर, जे जुलै २०२५ मधे आपल्या दोन्ही सभागृहांत पास झालं, एकट्या त्यावर भरपूर पत्रं आलीत. त्याला अर्ध्या पानात उरकणं बरोबर नाही, पुढच्या अंकात फक्त तेच घेऊ. पत्रात आपलं गाव लिहायला विसरू नका, आणि ऑर्डर असेल तर तिची झेरॉक्स जोडा, मूळ कागद पाठवू नका.)